फिरता कॅमेरा आणि पिकलेली मिशी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, नंतर चहाचा ठसका लागेल. फजिती झाली, कबूल. सगळ्या सोसायटीसमोर झाली, तेही कबूल. पण चूक माझी नव्हती! एवढं मान्य असेल तरच पुढं बोलतो.

आमची मोशीतली रो-हाउसची छोटी सोसायटी. तिथं अंगणातले पितळी नळ चोरीला जायला लागले. आज या घरचा, परवा त्या घरचा. सकाळी झाडांना पाणी घालायला जावं, तर अंगणात तळं आणि भिंतीतला पाइप आपल्याला वाकुल्या दाखवतोय!

मी म्हटलं, दारोदार कॅमेरे बसवू. आमचे चेअरमन बोराटे अण्णा म्हणाले, कुंपणाची भिंत वाढवू.

अण्णा म्हणजे मूळचे मोशीचे. त्यांचा शब्द शेवटचा. "दत्ता, त्या डब्याला अंधारात काय डोंबल दिसनार हाय?"

"अण्णा, नाइट व्हिजन आहे त्याला! मोटर आहे! चोर इकडं गेला की मान इकडं, तिकडं गेला की तिकडं."

"आरं, मान तर आमची म्हस बी फिरवती. चोर वळखू आला पायजे न्हवं!"

सगळे हसले. आणि तिथंच माझं डोकं फिरलं. रविवारच्या मीटिंगमध्ये ठराव मंजूर करून दाखवतो की नाही बघा, असं सगळ्यांदेखत सांगून आलो.

मी निघोज्यातल्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. आमच्याकडं नुसतं 'चांगलं आहे' म्हणून चालत नाही, तपासून दाखवावं लागतं. घरी पुरी गोल आहे असंसुद्धा मी ताटलीशी जुळवल्याशिवाय म्हणत नाही. बायको म्हणते, म्हणूनच गार पुरी खाता.

तर मी स्वतःच्या खर्चानं कॅमेरा आणला, दारावर ठोकला आणि संध्याकाळी अंधार पडल्यावर परीक्षा घ्यायची ठरवली. परीक्षा कडकच हवी. काळा टी-शर्ट, काळी ट्रॅक पँट, पायात काही नाही. तोंड मात्र उघडं, कारण ओळख पटते की नाही तेच तर बघायचं होतं.

"वैशाली, अंगणातला दिवा घालव."

"स्वतःच्याच घरी चोरी करणार?" बायकोनं विचारलं.

"चाचणी आहे ती!"

"शेजाऱ्यांना सांगून ठेवा."

आता तुम्हीच सांगा, पेपर सोडवणाऱ्याला आधी उत्तर सांगतात का? मग शेजाऱ्यांना का सांगायचं?

मी फाटकातून वाकून आत शिरलो. नळापाशी बसलो, नळ हलवून बघितला, इकडं तिकडं टकामका पाहिलं. कॅमेऱ्याची मान घुर्रर्र करत माझ्या मागं! काय सांगू, ऊर भरून आला. लगेच ती क्लिप सोसायटीच्या ग्रुपवर टाकली आणि खाली दोनच शब्द लिहिले: 'हा कोण?'

टाकली आणि मग स्वतः नीट बघितली.

राव, मी हादरलोच! स्क्रीनवर काळे कपडे पांढरेफट्ट. डोळे बोक्यासारखे चमकताहेत. आणि मिशी... मिशी पांढरी!

आता सांगतोच. मिशीला मी डाय लावतो. ही गोष्ट जगात फक्त वैशालीला आणि आमच्या बाथरूमच्या आरशाला माहीत. त्या लबाड कॅमेऱ्यातला अदृश्य उजेड डायच्या आरपार गेला आणि आतलं सगळं पीक उघडं पडलं!

क्लिप काढून टाकणार, तेवढ्यात ग्रुप पेटला.

'अगं बाई! हा कालपण आमच्या मागं उभा होता!' कदम वहिनी. काल मी सेकंड शिफ्टला होतो, तरी!

'साठीच्या वरचा म्हातारा आहे.' आमचे गॅरेजवाले शब्बीरभाई.

मला झोंबलं. मी पंचेचाळिशीच्या आतला माणूस! मी लिहिलं, 'मला तर चाळिशीचा वाटतो.'

'छे! वाकून चालतोय बघा. गुडघे गेलेत त्याचे.'

'तो मुद्दाम वाकलाय,' मी लिहिलं.

'पोटपण सुटलंय.'

'लेन्समुळं तसं दिसतं!'

मग कदम वहिनींनी विचारलं, 'भाऊजी, चोराचा तुम्हाला एवढा पुळका का?'

आत्ता 'तो मीच' म्हणावं, तर मिशीचं काय सांगू? आणि गप्प राहावं, तर कोणी ओळखलं नाही म्हणजे कॅमेरा नापास. अण्णा जिंकणार! म्हटलं, बघू, जरा दम धरू. कोणीतरी ओळखेलच.

कुठलं काय! पाच-दहा मिनिटांत सगळी सोसायटी रस्त्यावर. अण्णांच्या हातात काठी, शब्बीरभाईंकडं भला मोठा पान्हा, कदम वहिनींकडं पोळपाट. आणि मी? मीपण गेलो शोधायला! स्वतःलाच! अण्णांनी मला मागची गल्ली नेमून दिली. "दत्ता, म्हातारा हिकडं आला तर सोडू नगंस." मी "बरं" म्हटलं.

तेवढ्यात पुढच्या गेटावर आरडाओरडा झाला. "घावला! घावला!"

मी पळत गेलो.

गर्दीच्या मधोमध पांढरं धोतर, पांढरा सदरा, पांढरी झुबकेदार मिशी आणि खांद्याला बोचकं. माझे सासरे, आमचे मामा! उदगीरहून न कळवता आलेले!

"मोबाइल धरा ह्यांच्या शेजारी," अण्णा म्हणाले. कोणीतरी क्लिप मामांच्या तोंडाशेजारी धरली. "बघा! कापडं तीच, मिशी तीच."

शब्बीरभाईंनी बोचक्यावर पान्हा टेकवला. ठण्ण! "अण्णा, पितळ आहे!"

"लेकीनं कळशी मागितली होती," मामा शांतपणे म्हणाले. "तुमच्याकडं पाव्हण्याला पाणी द्यायच्या आधी वाजवून बघतात का?"

"अहो, हे माझे सासरे आहेत!" मी ओरडलो.

"आसतील," अण्णा म्हणाले. "पन क्लिपात बी हेच हायती. मानलं दत्ता, मानलं तुझ्या कॅमेऱ्याला! मी उगाच नावं ठेवली. असा चोर तंतोतंत दावला! रविवारी पयला हात माझा."

आता तुमच्यापासून काय लपवू? एक क्षण, अगदी एकच क्षण, मी मोहात पडलो. ठराव मंजूर होत होता हो! फक्त सासरा चोर ठरत होता.

मामांनी माझ्याकडं बघितलं. "दत्ताराव, बोला की कायतरी."

"तो चोर मी आहे!" मी छाती काढून म्हटलं.

कोणी विश्वासच ठेवेना. अण्णांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सासऱ्यासाठी जीव तुटतोय, समजतंय मला. पन चोर पांढऱ्या कापडातला. तू काळ्यात. त्याची मिशी पांढरी, तुझी काळी."

"काळे कपडे त्या उजेडात पांढरेच दिसतात! आणि मिशीला... मिशीला डाय आहे!"

सगळे वाकून माझ्या मिशीकडं बघायला लागले.

मामांनी हळूच विचारलं, "लग्नाच्या टायमाला बी व्हता का?"

"नाही हो मामा, तेव्हाची खरी होती!"

आवाज ऐकून वैशाली आली. वडिलांच्या हातातलं बोचकं घेतलं आणि माझ्याकडं असं बघितलं की त्यापेक्षा तो कॅमेरा परवडला. "क्लिप बघितल्या बघितल्या मी ओळखलं होतं," ती म्हणाली.

"मग ग्रुपवर बोलली का नाहीस?"

"काय लिहू? 'चोर आमचे हे आहेत' असं लिहू?"

पण मला काय त्याचं! मी टाळी वाजवली. "ऐकलंत अण्णा? ओळख पटली! कॅमेरा पास!"

"हॅट! बायकू तर नुसत्या खोकल्यावरनं बी वळखती."

आता मात्र मी इरेला पेटलो. "चला सगळे माझ्या अंगणात! दूध का दूध, पानी का पानी होऊन जाऊ दे!"

सगळे आले. दिवा घालवला. मी कॅमेऱ्यासमोर ताठ उभा राहिलो आणि मोबाइल शब्बीरभाईंच्या हातात दिला. "बघा! पांढरी दिसते की नाही मिशी?"

"दिसते भाऊ, दिसते," शब्बीरभाई म्हणाले. मग त्यांचा आवाज बदलला. "अरे, पण हे मागं कोण उभे आहेत?"

सगळे मोबाइलवर वाकले. कॅमेरा बिचारा इमानदार. जो हलेल त्याच्याकडं घुर्रर्र करून वळत होता. आधी वळला अण्णांकडं. अण्णांचे ते अख्ख्या मोशीत गाजलेले काळेभोर केस स्क्रीनवर कापसासारखे फुलले होते! मग वळला कदम वहिनींकडं. वहिनींनी पटकन पदर डोक्यावर घेतला. मग खुद्द कदमांकडं. मग आमच्या खजिनदारांकडं. घुर्रर्र, पांढरं. घुर्रर्र, पांढरं. अर्ध्या सोसायटीचं वय एका दमात वाढलं!

मामा तेवढे खूश. "मी हाय तसाच दिसतोय की!"

"दिवा लाव आधी," अण्णा खालच्या आवाजात म्हणाले. "यंत्र काय वाईट न्हाई तुझं. लईच चांगलं हाय."

रविवारी मीटिंग झाली. मी ठराव मांडला. चाचणी सगळ्यांनी डोळ्यांनी बघितली होती, कॅमेऱ्याला कोणी एका शब्दानं नाव ठेवलं नाही. मग अण्णांनी विचारलं, "बाजूनं कोन कोन?" दोन हात वर गेले. एक माझा, दुसरा शब्बीरभाईंचा. त्यांना पूर्ण टक्कल आहे, त्यांना कशाची भीती!

भिंत वाढवायचा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला.

होऊ दे! मी माघार घेतली नाही. अख्ख्या मोशीनं मला हसू दे, माझा कॅमेरा माझ्या दारावर आहे आणि राहणार! अंधार पडल्यावर आमच्याकडं चहाला कोणी येत नाही, नका येऊ. मी तत्त्वाचा माणूस आहे, लाज बाळगायचं मला काही कारण नाही.

फक्त एक आहे. शिफ्टवरून यायला अंधार झाला, तर मी हल्ली मागच्या दारानं घरात शिरतो.