बाबांचा आवडता बँड नक्की कुणाचा

आई गेल्यानंतरच्या हिवाळ्यात मी बाबांना उन्हाळ्यापर्यंत म्हणून नागपूरहून टेक्सासमधल्या फ्रिस्कोला घेऊन आले. सुरुवातीला ते दिवसभर खिडकीशी बसून रिकाम्या रस्त्याकडे बघत. "इथे माणसं राहतात ना गं?" एकदा त्यांनी विचारलं. आयुष्यभर पेटी वाजवलेला हा माणूस. पण आईच्या आजारपणात वाजवणं सुटलं ते सुटलंच.

त्यांचं दुसरं वेड म्हणजे इंग्लंडमधल्या एका बंदराच्या शहरातून आलेल्या चार पोरांचा तो जगप्रसिद्ध बँड. कॉलेजात असताना मित्राच्या घरी त्यांची रेकॉर्ड ऐकली आणि मराठी शाळेत शिकलेल्या बाबांनी अर्थ न कळता गाणी पाठ केली. मला झोपवताना ते तीच म्हणायचे, अगदी नागपुरी उच्चारात.

एका दुपारी शेजारच्या उघड्या गॅरेजमधून त्यातल्याच एका गाण्याची चाल ऐकू आली. बाबा उठले, चपला घातल्या आणि मला न सांगता निघाले. मी मागोमाग पोचले, तर शेजारीणबाई अ‍ॅकॉर्डियन छातीशी धरून वाजवत होत्या आणि बाबा ड्राइव्हवेवर उभे राहून गात होते. बाई सत्तरीच्या, निवृत्त नर्स, एकट्या राहणाऱ्या. तोवर आमची ओळख येता-जाता हात हलवण्यापुरतीच होती.

गाणं संपल्यावर बाबा म्हणाले, "व्हेरी गुड इंग्लिश बँड."

"इंग्लिश?" बाईंनी वाद्य मांडीवर टेकवलं. "ती आमची पोरं. आयरिश."

मग त्यांनी सांगितलं. आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक सडलं, माणसं उपाशी मरायला लागली, तेव्हा त्यांचे पूर्वज जहाजाने अमेरिकेला आले. पुष्कळ जण मात्र समोरच्या त्या इंग्रजी बंदरात उतरले आणि तिथलेच झाले. नंतरही लोक येत राहिले. त्या चौघांपैकी बहुतेकांच्या घरात आजी नाहीतर पणजोबा असे समुद्र ओलांडून आलेले. "चार माणसं जमली की गायचं, हे त्यांना घरातूनच मिळालं," बाई म्हणाल्या.

बाबांना पटलं नाही. रात्री जेवताना ते मला म्हणाले, "जन्मले इंग्लंडात, वाढले इंग्लंडात, मग आयरिश कसे?" दुसऱ्या दिवशी हाच मुद्दा घेऊन ते परत गॅरेजमध्ये, मागोमाग मी. बाईंनी वाद घातला नाही. त्यांची आजी कणीक मळताना गुणगुणायची ती एक चाल त्यांनी वाजवली आणि तिला जोडून बँडचं गाणं. "सूर कुठे वळतो ते ऐका."

बाबा माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "मला पेटी पाहिजे."

जवळच्या अर्विंग गावात भजनी मंडळ चालवणाऱ्या एका काकू आहेत. त्यांची जादा पेटी मी त्याच संध्याकाळी ड्राइव्ह करून आणली. बाबांनी भाता उघडला, बोटं अडखळली, पण त्यांनी थांबवलं नाही. मी स्वयंपाकघरात कांदा चिरायच्या निमित्ताने उभी राहिले.

त्यानंतर रोज दुपारी गॅरेजमध्ये पेटी आणि अ‍ॅकॉर्डियन. मार्चमध्ये बाईंकडे आयरिश सणाची पार्टी होती, त्या दिवशी सगळे हिरवं घालतात. आम्हालाही बोलावलं होतं. बाबा आईने विणलेला हिरवा स्वेटर घालून गेले, टेक्सासच्या त्या उन्हातसुद्धा. दोघांनी वाजवलं, सगळं अंगण गायलं. बाईंचे भाऊ बाबांना म्हणाले, "छान. पण हा बँड शेवटी इंग्रजांचाच."

"नो," बाबा ठामपणे म्हणाले. "ग्रँडमदर आयरिश." बाई इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची शोधावी लागली.

घरी येताना माझ्या मुलीने त्यांचा हात धरला. ती इथेच जन्मलेली, मराठी समजतं पण उत्तर इंग्रजीत देते. "सो आजोबा, इफ आय गेट फेमस, हू गेट्स मी?"

बाबा चालता चालता थांबले. "नागपूरवाले म्हणतील आमची, फ्रिस्कोवाले म्हणतील आमची. भांडू दे त्यांना."

"अँड यू?"

"मी कशाला भांडू? माझी तर तू आहेसच."

तिने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकवलं. उन्हाळ्यात नागपूरला परत जायचं तिकीट बाबांनी आपणहून पुढे ढकलायला सांगितलं.