तामलवाडीचा दाजी कट

आमच्या दाजींइतका सर्वज्ञ माणूस धाराशिव जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि झालाच असेल तर दाजींनी त्याला खोटा पाडून सोलापूरच्या गाडीत बसवून दिलं असेल. दाजी म्हणजे माझ्या अक्काचे यजमान. लग्नानंतर मोटार रिवाइंडिंगच्या दुकानासाठी जागा बघायची म्हणून आठ दिवसांसाठी तामलवाडीला आले ते इथलेच होऊन गेले. माझे दाजी म्हणून मग सगळ्या गावाचे दाजी झाले. आता गावच्या जावयाला कोणी उलट बोलत नाही, ही आमच्याकडची रीत. तिचा फायदा दाजींनी जितका घेतला तितका कुठल्या जावयानं घेतला नसेल. एसटीत बसले की ड्रायव्हरला गिअर कुठं टाकायचा ते सांगणार. अक्काच्या भाकरीला पापुद्रा का सुटत नाही, हे भाकरी खाता खाता समजावणार, आणि समजावून झालं की तिसरी मागणार. तुळजापुरात देवीपुढं नारळ फोडणाऱ्या पुजाऱ्यालासुद्धा त्यांनी शेंडी कुठल्या बाजूला धरावी ते दाखवलं होतं. एका मयतीला तर रचलेलं सरण त्यांना पसंत पडलं नाही. लाकडं उतरवून पुन्हा रचायला लावली. ज्यांच्या घरचं माणूस गेलं होतं ते रडायचं थांबून दाजींकडं बघत उभे राहिले. दाजी म्हणाले, "आता बघा, कसं हवेशीर झालं."

या माणसाला अंजू नावाची एकुलती एक मुलगी, आणि ती गुणानं पूर्णपणे अक्कावर गेलेली. तिचं एक चांगलं स्थळ दाजींनी आधीच घालवलं होतं. मुलाच्या घरी गेल्यावर त्याच्या वडिलांना त्यांच्याच घरातली फिटिंग कशी चुकली आहे ते बोर्ड उघडून दाखवलं. घराची लाईट गेली आणि पाठोपाठ स्थळही गेलं. परतीच्या वाटेत दाजी एवढंच म्हणाले, "वायर हलकी वापरली की असंच व्हतंय." त्यामुळं तुळजापूरचं स्थळ आलं तेव्हा अक्कानं त्यांना समोर बसवून बजावलं. मुलगा सोलापुरात बँकेत होता. देवळाच्या रस्त्यावर कुंकवाचं आणि बांगड्यांचं घरचं दुकान होतं. अंजू आणि तो मुलगा सोलापूरच्या कॉलेजात एकत्र होते आणि त्यांनी एकमेकांना कधीच पसंत केलं होतं, हे दाजी सोडून साऱ्या गावाला ठाऊक होतं. मुलाच्या आजीचा शब्द मात्र त्या घरात शेवटचा होता. अक्का म्हणाली, "हे बघा, दाढी-कटिंग करून या, टोपी घाला, आन् पाव्हणं जाईस्तोवर तोंड उघडू नका." दाजी म्हणाले, "म्या कवा कुणाला बोलतो?"

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दाजी रफिकच्या सलूनमध्ये जाऊन बसले. मी शेजारच्या खुर्चीवर दाढी करून घेत होतो, म्हणून पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलं. रफिकनं मशीन लावलं आणि दाजींनी मान वळवली. मशीन असं धरत नसतात, मनगट ढिलं पाहिजे, हात खालून वर गेला पाहिजे, आपण मोटारीची वायर गुंडाळतो तसा. रफिक बिचारा दर महिन्याला हे ऐकायचा आणि हसून सोडून द्यायचा. त्या दिवशी रोज्यानं त्याचा घसा सुकला होता म्हणा की आणखी काही, त्यानं मशीन दाजींच्या हातात दिलं. "मग तुमीच दाखवा दाजी, आमी बी शिकतो."

दाजींनी मशीन घेतलं, त्यावरची प्लॅस्टिकची फणी उगाच अडचण म्हणून काढून ठेवली, हात मागं नेला आणि मनगट ढिलं सोडून मानेपासून थेट टाळूपर्यंत एकाच दमात मशीन फिरवलं. दाट काळ्या केसांतून दोन बोटं रुंदीचा पांढरा पट्टा निघाला, नव्या बैलानं नांगराचा पहिलाच तास ओढावा तसा जरा डावीकडं झुकलेला. सलूनमध्ये कोणी हसलं नाही. गावचा जावई होता. रफिकनं मागून आरसा धरला. दाजींनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "मला असाच पाहिजे हुता." सगळंच डोकं सारखं करून देतो, असं रफिक दोनदा म्हणाला. पण डोकं सारखं करणं म्हणजे चूक कबूल करणं, आणि ते दाजींच्या स्वभावात नव्हतं. टोपी चढवून ते घरी गेले.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. अक्काची नजर दाजींच्या ओठांवर होती आणि दाजींचा हात टोपीवर. चहा झाला, पोहे झाले, अंजूला दोन-चार प्रश्न विचारून झाले, आणि दाजी खरोखर एक शब्द बोलले नव्हते. मला वाटलं, जमलं. निघताना आजीला नमस्कार करायला सगळे पुढं झाले. दाजी वाकले आणि टोपी अलगद आजीच्या ओटीत जाऊन पडली. आजी खुर्चीवर बसलेल्या. त्यांच्या डोळ्यांसमोर दाजींचं मागचं डोकं असं उघडं पडलं की दुसरं काही दिसण्याची सोयच राहिली नाही.

"आगं बया, डोक्याला काय झालं म्हणायचं हे?" आजी म्हणाल्या.

अंजूनं खाली मान घातली. अक्कानं डोळे मिटून घेतले. दाजी वाकलेलेच होते, आणि वाकलेल्या अवस्थेतच ते बोलले.

"नवस हाय आजी. देवीचा. पोरीचं लगीन हुईस्तोवर हितला केस वाढू द्यायचा न्हाय."

आयुष्यभर खरं सांगून दाजींनी लोकांना वैताग दिला होता. ही एक थाप मात्र अशी बसली की आजींच्या डोळ्यांत पाणी आलं. "आजकाल लेकीसाठी एवढं कोण करतंय," असं म्हणून त्यांनी पर्समधली कुंकवाची पुडी काढली, दाजींच्या त्या पट्ट्यावरच बोट टेकवलं, आणि लग्न तिथंच ठरलं.

ठरलं खरं, पण झालं नाही. त्यांच्या भावकीत मोठं माणूस गेलं आणि तारीख पार पुढच्या उन्हाळ्यावर गेली. तोवर नवस सांभाळणं दाजींना भाग होतं. पट्टा बुजला तर नवस मोडला, आणि नवस मोडला तर आजी लग्न मोडणार. त्या अधूनमधून व्हिडिओ कॉल करायच्या, सगळ्यांची खुशाली विचारायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "व्याही, जरा वळा बरं." दाजी मोबाईलला पाठ करून उभे राहायचे. मग दर आठवड्याला रफिकची खुर्ची आली. रफिक तोच पट्टा तसाच डावीकडं झुकवून कोरायचा. सरळ केला तर आजी ओळखतील, असं सांगायचा. चूक स्वतःचीच असल्यामुळं दाजींना ती सुधारा असंही म्हणता येत नव्हतं. जावयाला तोंडावर हसायचं नाही ही रीत गावानं पाळली, पण पाठमोरं हसायला कुठं बंदी होती? आणि दाजींचं सगळं हसण्यासारखं पाठमोरंच होतं. दुकानात मोटार घेऊन येणारी माणसं काम झाल्यावरही रेंगाळायची, दाजी कधी वाकून पान्हा उचलतात याची वाट बघत.

मग गावच्या कबड्डीच्या पोरांनी सामन्याआधी मुद्दाम तसाच पट्टा कोरून घेतला. रफिकला म्हणाली, "दाजी मारा." पोरं सामना जिंकली आणि 'दाजी कट' हे नाव पक्कं झालं. पुढं तुळजापूरच्या एका सलूनच्या काचेवर मॉडेलच्या फोटोखाली ते नाव रंगवलेलं मी स्वतः वाचलं. तिकडच्या काही भाबड्या पोरांनी तर नवरात्रात खरंच नवस म्हणून तो कट ठेवला. दाजींना हे कळलं तेव्हा ते जेवत होते. घास हातातच राहिला. "लोकांला अक्कल न्हाय," एवढंच बोलले, आणि त्या दिवशी भाकरीला नाव ठेवायचं विसरले.

मी त्यांना एकदा म्हणालो, "दाजी, सांगून टाका ना आजींना. लग्न काय मोडणार आहे का आता?"

ते मोटारीचं झाकण आवळत होते. मान वर न करता म्हणाले, "मोडलं तर? मागलं एक म्या मोडलंच की." आमच्या ओळखीच्या इतक्या वर्षांत त्यांनी आपली चूक कबूल केलेली मी तेवढीच ऐकली.

लग्न उन्हाळ्यात तुळजापूरला झालं. मांडवात निम्मी पोरं दाजी कटमध्ये होती, वराकडचीसुद्धा. आचारी, बँडवाला, अक्षता वाटणाऱ्या बायका, कोणालाच दाजींनी काही शिकवलं नाही. दिवसभर नुसते इकडून तिकडं फिरत राहिले. पाठवणीच्या वेळी अंजू त्यांच्या गळ्यात पडली. तिचा हात त्यांच्या मानेवरून वर त्या पट्ट्यावर गेला आणि तिथंच राहिला. "बाबा," ती म्हणाली, "मला पहिल्या दिवसापासून माहीत हुतं. रफिकचाचानं सांगितलं हुतं. आता वाढवा केस."

दाजींनी मान हलवली. गाडी वळून दिसेनाशी झाल्यावरही ते रस्त्याकडंच बघत उभे होते.

त्यानंतरच्या आठवड्यात मी सलूनमध्ये गेलो तर दाजी रफिकच्या खुर्चीत बसलेले. रफिकनं विचारलं, "दाजी, नवस फिटला. आता समदे सारखे करू ना?"

दाजींनी आरशात बघत पट्ट्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, "राहू दे आजून. दिवाळीला यायची हाय ती. येकदम सगळंच बदलल्यालं दिसाय नको तिला."

रफिकनं मशीन चालू केलं.