आईच्या खोलीतला हीटर

आई आयर्लंडात, आमच्याकडे स्लायगोला आली तेव्हा ऑक्टोबर अर्धा संपला होता. तिला उन्हाळ्यात आणायचं ठरलं होतं, पण बायकोच्या रजा आणि माझ्या प्रोजेक्टच्या तारखा यांत ते मागे मागे सरकत गेलं आणि ती आली ती नेमकी वाऱ्यापावसाच्या दिवसांत, नव्वद दिवसांच्या व्हिसावर. बायको इथल्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे. मी घरूनच सॉफ्टवेअरचं काम करतो. आमची आठ वर्षांची मुलगी मराठी सगळं समजते, पण बोलते इंग्रजीत, तेही इथल्या हेलात.

आमचं घर जोडघर आहे. मधली भिंत एक, दोन दारं शेजारी शेजारी आणि दारांच्या मधल्या भिंतीत मीटरचे दोन पांढरे डबे. पलीकडे सत्तरीचे एक गृहस्थ आणि त्यांची बायको राहतात. आम्ही राहायला आलो त्या पहिल्या हिवाळ्यात आमच्या गाडीची बॅटरी बसली, तेव्हा ते सकाळी साडेसहाला उठून बायकोला हॉस्पिटलात सोडून आले होते. आठवडाभर. पैशांचं विचारलं तर हात झटकून नुसतं ‘ग्रँड, ग्रँड’, म्हणजे ठीक आहे हो, असं म्हणायचे. आम्ही भारतात गेलो की आमच्या घराची किल्ली त्यांच्याकडे असायची. मी पुण्यातल्या मित्रांना सांगायचो, शेजार मिळावा तर असा.

त्या वर्षी जुलैत त्यांनी मागच्या अंगणात गरम पाण्याचा एक मोठा टब बसवला. विजेवर चोवीस तास गरम राहणारा. संध्याकाळी दोघं नवराबायको त्यात गळ्यापर्यंत बुडून बसत आणि आमच्या बाजूला वाफ येई. खर्च किती येतो म्हणून मी एकदा कुंपणावरून विचारलं होतं, तर हसून म्हणाले, काही जाणवतसुद्धा नाही.

आई मूळची वऱ्हाडातली. एका तालुक्याच्या गावी विजेच्या ऑफिसात ती एकतीस वर्षं बिलांच्या विभागात होती आणि त्यातली बरीच वर्षं तक्रारीच्या खिडकीत. इथे आल्यावर दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी तिनं दाराबाहेरचे डबे पाहिले आणि मला विचारलं, “काहून रे, रीडिंग घ्यायला कोण येते इथं?” मी म्हटलं, कोणी येत नाही, मीटरच आकडे पाठवतं. तिला ते फार आवडलं असं दिसलं नाही.

नोव्हेंबरात वीज कंपनीचं पत्र आलं. आमचा करार दर महिन्याला सारखीच रक्कम बँकेतून परस्पर कापून घेण्याचा. उन्हाळ्यात जास्त जाते, हिवाळ्यात कमी पडते, वर्षाखेरी हिशेब जुळतो. पत्रात लिहिलं होतं की आमचा वापर वाढल्यामुळे पुढच्या महिन्यापासून ही रक्कम जवळजवळ दुप्पट होईल. आम्ही काही करायची गरज नाही, सगळं आपोआप होईल, असंही त्यात आश्वासनासारखं लिहिलेलं होतं.

मी स्वयंपाकघरात उभा राहून कंपनीला फोन लावला. वाट बघायला लावतील म्हणून स्पीकरवर टाकला. आई टेबलाशी लसूण सोलत बसली होती. बऱ्याच वेळानं एक मुलगी बोलायला आली. आवाज गोड, बोलणं अगदी घरच्यासारखं. तिनं माझं खातं उघडलं आणि म्हणाली की वापर खरंच बराच वाढलेला दिसतोय. मग तिनं विचारलं, घरात कोणी नवीन राहायला आलंय का?

मी म्हटलं, माझी आई आली आहे, भारतातून.

“मग तेच असणार,” ती म्हणाली. “त्यांना बिचाऱ्यांना थंडी सोसत नाही ना.”

ती हसली. तिच्याबरोबर मीही हसलो. माझ्या आईला इंग्रजी चांगलं समजतं, हे मला ठाऊक होतं. तिची लसूण सोलणारी बोटं थांबली नाहीत, म्हणून मी मान वळवून तिच्याकडे बघितलंही नाही.

फोन ठेवल्यावर आई म्हणाली, “बिलावरचा मीटर नंबर आन् डब्यातला नंबर जुळवून पाह्यला का तू?”

मी म्हटलं, “आई, इथे तसं नसतं.” आणि थोड्या वेळानं, फार सहज बोलतोय असं दाखवत, खोलीतून बाहेर पडताना हीटर बंद करत जा, एवढं सांगितलं. ती बरं म्हणाली.

आई ऑक्टोबरच्या मध्यावर आली होती. पत्राबरोबरच्या तक्त्यात वापर जुलैपासून चढलेला होता. तो तक्ता मी पाहिला होता. आकड्यांत दिवस घालवणारा माणूस मी, आणि ते माझ्या डोक्यात शिरलं नाही; वाढीचं कारण तर मला आधीच मिळालेलं होतं.

शेजाऱ्यांनाही मी त्याच आठवड्यात सांगितलं. ते कचऱ्याचे डबे बाहेर काढत होते. रक्कम दुप्पट केली म्हटल्यावर त्यांनी मान हलवली, कंपन्या सगळ्या लुटारूच, असं म्हणाले आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. मला बरं वाटलं होतं.

आईची खोली वरच्या मजल्यावर, घराच्या मागच्या बाजूला, उत्तरेला. तिथे चाकांचा एक हीटर होता, आत तेल भरलेला, विजेवर चालणारा. डिसेंबर सुरू झाला तशी आई त्या खोलीतही स्वेटरवर कोट घालून बसू लागली. मी विचारलं तर म्हणाली, “मले थंडी वाजत नाही, बाप्पा.” आणि मला ते पटलं. पटवून घ्यायला मला ते सोयीचं होतं.

बायकोच्या लक्षात आलं ते पायांमुळे. एका रविवारी आई पलंगावर बसून तळपायांना खोबरेल लावत होती. तेल बाटलीत थिजलेलं, म्हणून ती चमच्याच्या दांड्यानं खरवडून काढत होती. बायको धुतलेले कपडे ठेवायला खोलीत गेली आणि तिनं बोटं पाहिली. लाल-जांभळी, सुजलेली, दोन ठिकाणी कातडी फुटलेली. थंडीत फार वेळ राहिलं की अशी बोटं होतात, हे तिनं हॉस्पिटलात पाहिलेलं होतं. एकटी राहणारी म्हातारी माणसं येतात अशी, ती मला नंतर म्हणाली. घरात माणसं असलेली येत नाहीत.

तिनं मुलीला विचारलं. मुलगी रोज दुपारी आजीच्या खोलीत गृहपाठ करायची. ती इंग्रजीतच म्हणाली की आजी हीटर लावतच नाही, कधीच नाही, आणि हे बाबाला सांगू नको असं तिनं सांगितलंय. मी वर येताना दिसलो की आजी तो लावायची आणि मी खाली गेलो की बंद करायची.

बायको मला एवढंच म्हणाली, “तुझ्या घरात तुझी आई लपूनछपून गारठत होती.” मग ती खाली निघून गेली.

मी आईजवळ जाऊन बसलो. हीटर लावला, तो तिच्या पायांकडे सरकवला. आईच बोलली. ती रागावलेली नव्हती, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला.

“ते पोरगी म्हणाली ना फोनवर, माह्यामुळं वाढलं,” आई म्हणाली. “आन् तू हासला.”

मी म्हटलं, चुकलं माझं. ती म्हणाली, ते राहू दे, उद्या सकाळी बिल काढ.

सोमवारी मी कामाला उशिरा बसलो. आईनं दोन जोड मोजे घातले, माझं जाकीट घातलं आणि आम्ही दाराबाहेर उभे राहिलो. आपल्या डब्यातल्या मीटरवरचा नंबर तिनं मला मोठ्यानं वाचायला लावला आणि स्वतः बिलावरच्या नंबरावर बोट ठेवत गेली. तिसऱ्याच आकड्याला तिनं मला थांबवलं. मग शेजारचा डबा उघडला. त्या मीटरचा नंबर आमच्या बिलावरच्या नंबराशी शेवटपर्यंत जुळला.

तरीही तिचं समाधान झालं नाही. मला आत पाठवून तिनं घराचा मेन स्विच बंद करायला लावला. मी बाहेर आलो तर आमच्या डब्यातला, वीज वापरली जाते तसा लुकलुकणारा लाल दिवा थांबला होता. शेजारच्या डब्यातला भराभरा लुकलुकत होता, आणि मागच्या अंगणातून टबाची घरघर ऐकू येत होती. दोन वर्षांपूर्वी हे नवे मीटर बसवले तेव्हापासून आम्ही त्यांचं बिल भरत होतो आणि ते आमचं. आधी दोन्ही घरांचा वापर साधारण सारखा होता, म्हणून कोणाला काही कळलं नाही. टब आल्यावर आमचं चढलं.

मला आधी हसूच आलं. वाटलं, शेजाऱ्यांनाही गंमत वाटेल, त्यांचीही फसगतच झाली आहे. दुपारी मी त्यांचं दार वाजवलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

त्यांना आश्चर्य वाटलं नाही. मी बोलत होतो आणि ते माझ्या खांद्यावरून रस्त्याकडे बघत होते. मग म्हणाले की टब घेतल्यावरही बिल वाढलं नाही याचं त्यांनाही नवल वाटलंच होतं. त्यांच्या बायकोनं सप्टेंबरमध्येच म्हटलं होतं की मीटरची अदलाबदल झाली असेल.

मी म्हटलं, “पण नोव्हेंबरात मी तुम्हाला सांगितलं होतं, आमचं बिल दुप्पट झालंय म्हणून.”

“सांगितलं होतंत खरं,” ते म्हणाले.

आतून त्यांच्या बायकोनं कोण आहे म्हणून विचारलं, तर त्यांनी तिला माझं नाव सांगितलं, नेहमीच्याच आपुलकीनं.

घरी येऊन मी आईला सांगितलं. मला वाटत होतं ती चिडेल. पण तिनं फक्त कंपनीला लेखी कळव, फोन करू नको, असं बजावलं आणि डब्यांचे फोटो कसे काढायचे ते सांगितलं.

कंपनीनं ‘तपासणी सुरू आहे’ असं कळवलं आणि जानेवारीचा हप्ता तसाच दुप्पट कापला. मी बँकेला सांगून हप्ता थांबवला, तर आमच्यावर थकबाकी असल्याचं पत्र आलं. पुन्हा फोन केला तेव्हा बोलणाऱ्या माणसाला आधीचं काहीच दिसत नव्हतं. मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं, आणि शेवटी त्यानं फार नम्रपणे विचारलं, हल्ली घरात कोणी जास्त राहायला आहे का?

जानेवारीच्या मध्याला आई परत गेली. बोटं बरी झाली होती, पण विमानतळावर तिनं मोजे घातले होते आणि त्यावर सैल चपला. फेब्रुवारीत एक तंत्रज्ञ आला. आईनं जे केलं होतं तेच त्यानं केलं, मेन बंद केला, दिवे पाहिले आणि पंधरा मिनिटांत निघून गेला. मार्चअखेर जादा घेतलेले पैसे आमच्या खात्यात आले. बरोबर दोन ओळींचं पत्र होतं, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत असं.

त्याच आठवड्यात शेजाऱ्यांना फरकाचं बिल गेलं असावं. ते संध्याकाळी दारात आले. एवढ्या वर्षांत त्यांना मी कधी रागावलेलं पाहिलं नव्हतं. कंपनीला लिहिण्याआधी आमच्याशी बसून बोलला असता तर आपसात मिटवलं असतं, शेजारी असं करतात का, असं ते म्हणाले. त्यांच्या आवाजात खरंच दुखावलेपण होतं. मला सांगायचं होतं, की त्या भिंतीच्या अलीकडे माझी आई कोट घालून बसत होती. पण तिला कोट घालायला लावणाऱ्यांत मी होतोच. मी म्हटलं, आता झालं ते झालं. बायको माझ्या मागे येऊन उभी राहिली आणि तिनं दार लावून घेतलं.

एप्रिलमध्ये एका रविवारी आईशी फोनवर बोलताना मी तिला म्हटलं, तुझं तेव्हाच ऐकायला हवं होतं. कंपनीच्या त्या फोनवरच्या मुलीबद्दलही मी आईपाशी बरंच काही बोललो. न बघता कशी काय सांगते, माणसाच्या आईवर ढकलून मोकळी होते.

आई म्हणाली की ती नोकरीत असताना एक शिंपी तक्रारीच्या खिडकीवर यायचा. दोन मशिनं आणि एक दिवा, एवढंच त्याचं दुकान. बिल फार येतं म्हणायचा. तिनं त्याला सांगितलं होतं, तुझ्याच इथं वापर वाढला असेल, घरात कोण वाढलं का पाहा. तो चार वेळा आला.

“नंबर जुळवाले कोणाले पाठवलं नाही मी,” ती म्हणाली. “पाचव्या खेपेला तो आलाच नाही. मी म्हटलं, समजलं असंन त्याले.”

मी विचारलं, जुलैत येशील का, तेव्हा हवा चांगली असते, तिकीट बघतो. पाहू म्हणाली. गुडघ्यांचं काय ते डॉक्टरला दाखवायचंय, नात्यातल्या पाहुण्यांकडे एक लग्नही आहे. मग तिनं नातीला फोनवर बोलाव म्हटलं, आणि मुलगी इंग्रजीत काहीतरी सांगत राहिली, आई मराठीत हुंकार देत राहिली.