बारा सेकंदांचा वाढदिवस

शाळेची व्हॅन चालवणाऱ्या मावशींचा एक शिरस्ता होता. ज्याचा वाढदिवस असेल त्याला पुढच्या सीटवर बसवायचं आणि त्या तारखेला जगात पूर्वी काय घडलं ते सांगायचं. त्यासाठी त्या आदल्या संध्याकाळी लायब्ररीत जाऊन जाडजूड पुस्तकं चाळत.

सतरा डिसेंबरला दुसरीतली चिमणी पुढे बसली.

"आजच्याच दिवशी, १९०३ साली, इंजिनाचं विमान माणसाला घेऊन पहिल्यांदा उडालं," मावशी म्हणाल्या.

"किती वेळ?"

"बारा सेकंद."

चिमणीचं तोंड एवढंसं झालं. "एवढंच? ताईच्या वाढदिवसाला तर माणूस चंद्रावर उतरला होता!"

"अगं, मोजून तर बघ."

मग सगळी व्हॅनच मोजायला लागली. बारा म्हणेपर्यंत शिंप्याचं दुकान गेलं, बेकरी गेली, दवाखानाही मागे पडला. चिमणीचे डोळे मोठे झाले.

"तीन दिवस आधी तेच विमान उडता उडता आपटलं होतं," मावशी म्हणाल्या. "माझंही तसंच. लायसन्सच्या परीक्षेत मी तीनदा आपटले. चौथ्यांदा पास झाले, तीही तारीख सतरा डिसेंबरच!"

"शप्पथ?"

"अगदी शप्पथ!"

मुलांनी असा काही कल्ला केला की शाळेच्या फाटकावरच्या वॉचमनकाकांनी कान झाकले. "आज वाढदिवस तरी कुणाचा?"

"तिघांचा!" चिमणी टेचात खाली उतरली. "माझा, विमानाचा आणि मावशींच्या लायसन्सचा!"

मावशी परत जाताना स्वतःशीच हसत होत्या.