माझं काळं बोट

व्यसनमुक्तीवर चार शब्द बोलायला मला कॉलेजात बोलावलं, तेव्हा माझ्या कमरेला मिशरीची डबी खोचलेली होती. आज लिहिताना हसू येतं. त्या दिवशी नुसता घाम फुटला होता.

आम्ही मूळचे ताथवड्याचे. गावच्या भैरवनाथाच्या देवळात माझं भजनी मंडळ आहे, आणि सून शेजारच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. तिथली काही पोरं मोबाइलवर जुगार खेळतात, कुणी गुटखा खातं, म्हणून तिला बोलायला मोठं माणूस हवं होतं. "आई, तुमचं मन किती खंबीर आहे! तेवढंच सांगा," म्हणाली. मी चाळीस वर्षं भाजलेल्या तंबाखूची ती पूड दातांना घासते, हे घरात कुणाला ठाऊक नाही असा माझा समज होता. त्यामुळे नाही म्हणायची सोय उरली नाही. "नाथा, लाज राख," असं म्हटलं आणि धीर यावा म्हणून कॉलेजच्या बाथरूममध्ये जाऊन जराशी घासली.

भाषण चांगलं रंगलं. बोट नाचवून सांगत होते, "बाळांनो, मोह आला की नाही म्हणायला शिका!" तेवढ्यात पहिल्या रांगेतली एक मुलगी उठली. बीडकडची, नाव ऋतुजा, हे नंतर कळलं. अगदी आदरानं तिनं विचारलं, "आज्जी, तुमचं बोट काळं कशानं झालंय?"

सून जमिनीकडे बघत होती, म्हणजे तिला केव्हापासूनच ठाऊक होतं! मी खोटं बोलायला तोंड उघडलं, आणि कसं कोण जाणे, खरं तेच बाहेर पडलं. "मिशरी हाय गं. चाळीस वर्सं झाली. मलाच सुटत न्हाई."

पोरं हसली, पोट धरून हसली. मलाही हसू आवरेना. मग एकेक जण आपापलं सांगू लागला. शेवटी ऋतुजा जवळ आली. "मी तो पत्त्यांचा गेम रोज काढून टाकते न् रोज परत घेते," म्हणाली. आम्ही दोघींनी ठरवलं, तलफ आली की आधी एकमेकींना फोन करायचा आणि दहा मिनिटं कळ काढायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी फोनबिन विसरले. डबी उघडली, बोट बुडवलं आणि ओशाळून म्हटलं, "नाथा, आता तूच बघ." फोन वाजला.

"आज्जी, हात लई शिवशिवायलेत. कायतरी बोला ना."

मी आपलं भजनच धरलं. जसं येतं तसं, मोठ्यानं. दहा मिनिटांनी ती काकुळतीला आली, "आज्जी, बास! तुमचा आवाज ऐकून खेळायची इच्छाच मेली." इकडे गाण्याच्या भरात मिशरी लावायची राहूनच गेली होती.

पुढे दोघीही एकदोनदा घसरलो, पण एकमेकींपासून लपवलं नाही. तो फोन नाथानं करवला की कसं, यावर मी वाद घालत नाही. इतकी वर्षं त्याच्यापुढे डोकं टेकवलं आणि आपला कमकुवतपणा तेवढा पदराआड धरला, एवढं मात्र कळलं. आता तोही त्याच्याच पायाशी ठेवते. रोज हात जोडून म्हणते, "देवा, बळ तू देशीलच. पोरीच्या हॉस्टेलात रेंज तेवढी असू दे."