लोलाची गोळी आणि माझं कारलं

हर्नडनला असताना माझ्या वेलीची पानं खाणाऱ्या हरणाला मी एका उन्हाळ्यात जेवढ्या शिव्या घातल्या, तेवढ्या नवऱ्यालाही कधी घातल्या नसतील. नव्व्याण्णव साल उजाडायचं होतं. मी डिपेंडंट व्हिसावर, नोकरी करायची परवानगी नाही, मग दिवसभर करणार काय? टाउनहाउसच्या मागच्या वीतभर जागेत कारली लावली. नागपुरी बी ते, व्हर्जिनियाच्या मातीत असं काही माजलं की कुंपण ओलांडून शेजारच्यांकडे गेलं. कारली पोत्यानं यायची, पण रोज सकाळी बघावं तर कोवळे शेंडे गायब! "हरीण असेल यार," म्हणत नवरा ऑफिसला ड्राइव्ह करत निघून जायचा.

शेजारी एक फिलिपिनो नर्स राहायची, हॉस्पिटलात नाइट ड्यूटी करणारी, आणि सोबत तिची म्हातारी आई. आईला सगळे लोला म्हणत. त्यांच्यात लोला म्हणजे आजी. मीही लोलाच म्हणायला लागले. नर्सबाई महाकडक. लोलाला डायबेटिस होता, म्हणून तिनं फ्रिजवर कागदच चिकटवला होता: गोळी वेळेवर, गोड बंद, झाडपाला बंद. लोलाच्या पर्समध्ये मात्र डॉक्टरच्या गोळ्या, जपमाळ आणि चोळायच्या हिरव्या तेलाची बाटली गुण्यागोविंदानं नांदायची.

एकदा ती आमच्याकडे बसली होती. ढीगभर कपड्यांना इस्त्री करून मी हात धुवायला नळाखाली नेले, तर तिनं माझं मनगटच धरलं. तापल्या हातांवर गार पाणी? 'पास्मा' होतो म्हणे, हात थरथरायला लागतात! आता माझे बाबा पक्के आंबेडकरवादी. दृष्ट काढणं, अंगारा-धुपारा, यातलं काही आमच्या उंबऱ्याच्या आत आलं नाही. मी ऐटीत म्हटलं, "लोला, आम्ही असलं काही मानत नाही."

"मानू नकोस," ती म्हणाली. "फक्त धुऊ नकोस."

घ्या! अर्धा तास मी तशीच बसून राहिले.

तर लोलाला नोव्हेंबरच्या सुरुवातीला गावी जायचं होतं. त्या दिवशी तिकडे सगळे आपल्या माणसांच्या कबरींवर मेणबत्त्या लावतात, आणि नवरा गेल्यापासून तिला एकदाही जमलं नव्हतं. डॉक्टरनं बजावलं होतं, शुगर ताब्यात आली तरच विमानात बसायचं. ऑक्टोबरमध्ये शेवटची तपासणी होती. ऑगस्टमध्ये एका सकाळी लोला कुंपणापाशी आली आणि म्हणाली, "तुझी दोन कारली दे. रोज."

"रस काढणार? मुलीला कळलं तर?"

"ती सकाळी झोपते."

नागपूरला माझी आईही शुगरवर हेच पीत होती. शिवाय कारलं म्हणजे काही अंगारा नव्हे, भाजी आहे भाजी, अशी मी स्वतःची समजूत घातली. रोज सकाळी नर्सबाईच्या खोलीचा पडदा ओढला गेला की माझ्या मिक्सरमध्ये कारली फिरायची. लोला नाक धरून ग्लास रिकामा करायची, मग वर्तमानपत्रानं तोंड झाकून बसायची. शुगर उतरत गेली. नर्सबाई खूश. नवी गोळी काय लागू पडली आहे, हे ती मलाच येऊन सांगायची, आणि मी "हो ना!" म्हणायचे. लाज वाटायची, पण मजाही यायची, खोटं कशाला बोलू?

तपासणीच्या आधीच्या रविवारी त्यांनी मला जेवायला बोलावलं. मी भरली कारली घेऊन गेले, राजरोस. चर्चमधून यायला त्यांना उशीर झाला होता. नर्सबाईनं टेबलावर मुगाचं सूप ठेवलं आणि लोलाच्या हातातला चमचा खणखणायला लागला. चेहरा घामानं डबडबलेला, हात थरथरत होते. क्षणभर माझ्या मनात पास्माच आला. बाबा, माफ करा.

नर्सबाईनं तिचं बोट टोचलं, मीटर बघितला आणि ऑरेंज ज्यूस आणायला धावली. शुगर नको इतकी उतरली होती. "सकाळपासून पोटात काय गेलंय हिच्या?" ती ओरडली. लोला ज्यूस पीत माझ्याकडे बघत होती. गप्प बस, असं ते बघणं. पण माझं धाबं दणाणलं होतं. मी सगळं ओकले: दोन कारली, रोज, ऑगस्टपासून.

वाटलं, आता ही मला घराबाहेर काढणार. तर ती मटकन खुर्चीत बसली आणि कानापर्यंत लाल झाली. मग माझं लक्ष सुपाकडे गेलं. मुगावर हिरवी पानं तरंगत होती, कातरलेल्या कडांची, कोवळी. ती पानं मी जगात कुठेही ओळखली असती.

हरीण माझ्यासमोर बसलं होतं, पायात नर्सचे पांढरे बूट घालून. ड्यूटीवरून येताना रोज ओंजळभर शेंडे खुडायचे आणि आईच्या सुपात घालायचे. फ्रिजवरचा कागद बाईनं स्वतः लिहिलेला! लोलाला थोडी हुशारी आली होती. तिनं आळीपाळीनं आम्हा दोघींकडे बघितलं आणि पोट धरून हसत सुटली. मग डोळे पुसून म्हणाली, "डॉक्टरला कुणी काही सांगायचं नाही."

आणि आम्ही दोघींनी मान डोलावली.

तपासणीला लोलानं हट्टानं मलाही नेलं. डॉक्टर रिपोर्ट बघून खूश. गोळी उत्तम चालली आहे, तिकडेही हीच चालू ठेवा, तीन महिने खुशाल राहून या! आम्ही तिघी मूग गिळून बसलो. लोलानं पर्स छातीशी धरली होती, लहान मुलीसारखी हसत होती. माझ्या डोळ्यांपुढे मात्र तिचं गाव आलं. तिच्या गावात कुंपणाकुंपणावर कारली, पर्समध्ये ही पूर्ण गोळी, आणि कबरीपाशी मेणबत्ती धरलेला तिचा हात थरथरायला लागला, तर तिथे मीटर घेऊन धावणार कोण?

"डॉक्टर, ती कारलं पण घेते," मी म्हटलं.

लोलानं माझ्याकडे असं बघितलं की जमिनीनं पोटात घ्यावं. डॉक्टर रागावला नाही. "किती?" त्यानं विचारलं. नर्सबाईनं खाली मान घालून रस सांगितला, सूप सांगितलं. त्यानं गोळी अर्धी केली, कारल्याचंही माप ठरवून दिलं आणि चिठ्ठीवर दोन्ही एकाखाली एक लिहिलं. आठवडाभर रोज बोट टोचा, आकडे ठीक आले तर जा, म्हणाला. तो अख्खा आठवडा लोला माझ्याशी बोलली नाही. कुंपणाशी यायची, कारली तोडायची आणि पाठ फिरवायची. मला रडू यायचं.

आकडे ठीक आले. एअरपोर्टला जायच्या सकाळी तिनं मला हाक मारली. डॉक्टरची चिठ्ठी तिनं फ्रिजवर लावली होती, मुलीच्या कागदावर, बरोब्बर 'झाडपाला बंद' झाकलं जाईल अशी. मला जवळ ओढून तिनं माझ्या कपाळाला हिरवं तेल चोळलं. मी काही मानत नाही, पण पुसलंही नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी पाकीट आलं. फोटोत नवऱ्याच्या कबरीपाशी लोला, एका हातात मेणबत्ती आणि दुसऱ्या हातात हे एवढं कारलं. मागे तिनं लिहिलं होतं, "गोळी अर्धी. कारलं मापात. हात थरथरला नाही. जा, सांग तुझ्या डॉक्टरला."