टोकावरचं बोट

मार्चमधल्या एका सकाळी चूळ भरताना पाणी डाव्या बाजूने आपोआप बाहेर आलं. पुन्हा भरली, पुन्हा तेच. आरशात पाहिलं तर अर्धं तोंड जागं होतं आणि अर्धं झोपलेलं. बायकोला हाक मारली. ती हातातली कणीक तशीच घेऊन आली आणि दारातच थांबली.

डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं नाही, चेहऱ्याची नस सुजली आहे, येईल परत. ऑफिसात ज्याने त्याने एसीला दोष दिला. तोंड परत आलं, पण सगळं नाही आलं. डोळा मिटायला लागला, बोलणं सुधारलं, डावा कोपरा मात्र सैल राहिला तो राहिलाच. चहा तिथून गळतो. तेव्हापासून वरच्या खिशात एक रुमाल कायमचा मुक्कामाला आहे.

मी इथे आखातात, फहाहीलला राहतो आणि मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत नोकरी करतो. पाइपांची आणि टाक्यांची जाडी मोजायची, कुठे झिजलंय ते सांगायचं, हे माझं काम. केस इथेच पांढरे झाले. या सगळ्या वर्षांत माझी म्हणावी अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे गुरुवारी संध्याकाळची बासरी. नाशिकला असताना रीतसर शिकलो होतो. मोठा वादक वगैरे काही नाही, पण इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत दरवर्षी मला बसवायचे आणि लोक उठून जायचे नाहीत.

बासरी ही ओठांवर चालते. दोन्ही ओठ मिळून हवेला वाट देतात, ती वाट जराशी जरी हलली तरी सूर गेला. माझी हवा डावीकडून निसटायची आणि सुराच्या जागी नुसती फुसफुस यायची. रिफायनरीत असा आवाज आला की आम्ही त्या जागी गळतीचा लाल टॅग लावतो. मी बासऱ्या कपाटावर ठेवून दिल्या. फार मोठं दुःख झालं असं सांगितलं तर ते खोटं होईल. मला कंटाळा आला. उन्हाळा तोंडावर होता, प्लांटचं दुरुस्तीचं शटडाऊन चालू होतं, धूळ होती, आणि घरी आल्यावर बूट काढायचासुद्धा कंटाळा यायचा.

एक गोष्ट मात्र नुसत्या कंटाळ्याची नव्हती. आमची मुलगी आदल्या वर्षी कॉलेजसाठी पुण्याला गेली होती. दर शुक्रवारी तिचा व्हिडिओ कॉल असतो. हिने तिला सांगितलं होतं, बाबांना जरा वारं लागलं होतं, आता बरं आहे. आणि मी कॅमेऱ्यासमोर यायचं टाळत होतो. कधी स्वयंपाकघरातून ओरडून उत्तर द्यायचो, कधी फोन घेऊन तो छताकडे धरायचो. लेकीसमोर हे तोंड घेऊन बसायची मला लाज वाटत होती. त्याला दुसरा शब्द नाही.

"अहो, तिला आता वाटायला लागलंय की तिचा बाप म्हणजे पंखा आहे," ही एकदा म्हणाली. "डिसेंबरात येईल तेव्हा काय करणार? विमानतळावर खांबामागे उभे राहणार?"

मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. या मुलीने माझं वाजवणारं तोंड लहानपणापासून पाहिलेलं होतं. रियाझाला बसलो की ती पावलं न वाजवता यायची आणि बासरीच्या टोकाला बोट लावायची. टोकाचं भोक बंद झालं की खालचा सूर घुसमटून भलतीकडेच जातो. ती खिदळायची, मी ओरडायचो. ओरडण्याचा कधी काही उपयोग झाला नाही.

आमच्याकडे एक स्लोव्हाक होता. पंपांचा माणूस. फिरत्या पंपाच्या अंगाला कान लावून आत काय बिघडतंय ते सांगायचा, आणि बरोबर निघालं की दिवसभर त्याचीच फुशारकी मारायचा. आडदांड, तापट, बायको-मुलं गावी, स्वतः जवळच्याच महबुलात एकटा. शटडाऊनच्या दिवसांत आम्ही कँटीनमध्ये एकाच टेबलावर जेवायचो. बाकीचे माझ्या रुमालाकडे बघायचे नाहीत. हा टक लावून बघायचा.

"मुहंदिस," तो एकदा म्हणाला. इथे इंजिनिअरला मुहंदिस म्हणतात, तोही मला तेच म्हणायचा. "तू बासरी वाजवायचास ना? आता नाही येत?"

"नाही येत."

"ओठामुळे?"

"हो, ओठामुळे. भात घे."

दुसऱ्या दिवशी तो एक हातभराहून लांब काठी घेऊन आला. पोकळ, सरळ, एका बाजूला बोरूसारखं तोंड आणि त्याच्याजवळ एक चौकोनी खिडकी. बस. बोटांसाठी एकही भोक नाही. कोंत्सोव्का, तो म्हणाला. त्याच्या डोंगरातले मेंढपाळ वाजवतात. तोंडाच्या भोकात लाकडी डाट बसवलेला असतो, त्यात बारीक फट. फुंकलं की हवा त्या फटीतून नेमकी खिडकीच्या धारेवर जाते.

"तुझा ओठ लागत नाही," तो म्हणाला. "ओठ लाकडाचा आहे."

हे म्हणजे आपलं जत्रेतलं अलगूज. नाशिकला आमच्या क्लासात कुणी अलगूज आणलं असतं तर त्याला बाहेर उभं केलं असतं. मी तुच्छतेने फुंकलं आणि आवाज आला. लगेच, स्वच्छ, पहिल्या फुंकरीला. आनंद व्हायला हवा होता, पण मला राग आला. ज्यासाठी मी तरुणपणातली कित्येक वर्षं ओठ सुजवून घेतले, ते या काठीने फुकटात दिलं होतं.

मग त्याने वाजवून दाखवलं. हळू फुंकलं की खालचा सूर. जरा जोर केला की सूर फुटून वर उडी मारतो, आणखी जोर केला की आणखी वर. आणि उजवा हात लांब करून टोकाचं भोक बोटाने झाकायचं, सोडायचं, झाकायचं. झाकल्यावर मधले सूर मिळतात. फुंकर आणि ते एक बोट, एवढ्यावर सगळं गाणं. त्याचं बोट टोकावर पडताना पाहिलं. मी पाणी आणायला उठलो.

काठी त्याने माझ्याकडे ठेवली. मी घरी तिच्यावर भूप बसवायला गेलो. धैवत उतरलेला. भूपात नसलेला मध्यम वाटेत हजर, तोही ना शुद्ध ना तीव्र, दोघांच्या बरोबर मधे ठाण मांडून बसलेला. आणि भोकंच नसल्यामुळे दुरुस्त करायची सोय नाही. दुसऱ्या दिवशी मी तक्रार केली. तो म्हणाला, तो सूर तसाच आहे, डोंगरातसुद्धा तसाच आहे, मेंढ्यांनी कधी तक्रार केली नाही.

उन्हाळा सरल्यावर त्याने मला स्वतःची करायला लावली. गावाहून त्याने बाझा नावाच्या झाडाची लाकडं आणली होती. आतला भुसभुशीत गाभा काढून, आरपार भोक पाडून, वाळवलेली. त्यातलं शेवटचं एक उरलं होतं. ते ओल्या फडक्यात गुंडाळून त्याच्या बाथरूममध्ये ठेवलेलं असायचं, कारण इथली हवा चांगल्या लाकडाला दोन दिवसांत तडकवते. लाकडाला पाजायला मी घरून खोबरेल नेलं. त्याच्या एसीत ते गोठून पांढरं झालं. शेवटी हिने बदामाचं तेल पाठवलं आणि ते लाकडाने मुकाट्याने पिऊन घेतलं.

शुक्रवारी त्याच्या बाल्कनीत बसायचं, दोन इमारतींच्या फटीतून दिसेल तेवढा समुद्र बघायचा, दुकानातलं लबन, म्हणजे आपलं ताकच, बाटलीने प्यायचं आणि तासायचं. इथे दारूबंदी, म्हणून तो बिअरच्या आठवणीने उसासे टाकायचा. डाट बसवणं हेच खरं काम. किंचित सैल राहिला तर हवा बाजूने जाते, घट्ट ठोकला तर लाकूड उकलतं. मग खिडकी कापायची, तिची खालची धार पातळ करायची. हात चालायचे आणि डोकं गप्प बसायचं. त्या दिवसांत एवढंच बरं वाटायचं.

खिडकी कापून झाली, वाजली. पुढच्या शुक्रवारी त्याला ड्युटी होती म्हणून मी ती घरी आणली. मला एक गोष्ट खटकत होती. खालचा सूर टिकत नव्हता. जरा श्वास हलला की फुटून वर जायचा. बासरीत सूर फुटणं म्हणजे नामुष्की. मी कानस घेतली आणि खिडकी थोडी मोठी केली. सूर थोडा टिकला. आणखी थोडी केली. दुपारपर्यंत खालचा सूर असा ठाम झाला की हलवून हलेना. मी हिला बोलावून ऐकवला. "छान आहे," ती म्हणाली, "पण पुढे?"

पुढे काही नव्हतं. ते काठी परत नेल्यावर स्लोव्हाकाने फुंकली तेव्हा कळलं. कितीही जोर केला तरी सूर उडीच मारेना. उघड्या टोकाचा एक आणि झाकल्या टोकाचा एक, असे दोन सूर, आणि काठी संपली.

"काय केलंस तू हे?"

"सूर पक्का केला."

"मुहंदिस," तो उठून उभा राहिला, "पक्का सूर पंपाला लागतो!" मग तो त्याच्या भाषेत बरंच काही बोलला, ते मला समजलं नाही आणि समजावूनही घेतलं नाही. शेवटचं लाकूड होतं. ती काठी ठेवून मी निघून आलो. पुढचे बरेच दिवस तो कँटीनमध्ये दुसऱ्या टेबलावर बसला. मी रुमाल घेऊन एकटा जेवलो. माझ्या हातून आता काही नीट व्हायचं नाही, याची मला जवळजवळ खात्री पटली होती.

मग एका शुक्रवारी सकाळी त्याचा फोन आला. ये, म्हणाला, आणि ठेवून दिला. गेलो. काठी टेबलावर होती. त्याने त्याच लाकडाच्या उरलेल्या तुकड्यातून एक पातळ पट्टी काढून खिडकीच्या धारेला चिकटवली होती, खिडकी पुन्हा लहान झाली होती. पट्टी जराशी तिरकी बसली होती. त्याने फुंकलं. सूर वर गेला, आणखी वर गेला, आणि तो अडमुठा मध्यम आपल्या जागी हजर होता.

त्याने एकदा काठीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "आता दोघांचे ओठ सारखेच वाकडे," तो म्हणाला.

मी हसलो. तोंडात लबन होतं, ते डाव्या कोपऱ्यातून थेट शर्टावर आलं. तो हसायचा थांबला नाही, हसतहसतच त्याने टिश्यूचा अख्खा रोल माझ्याकडे फेकला. त्या मार्चपासून माझ्या तोंडावरून कुणीही थट्टा केली नव्हती. सगळे फार जपून वागले होते. त्या जपण्याने मी आजारापेक्षा जास्त थकलो होतो, हे मला त्या दिवशी कळलं.

काठी घेऊन घरी आलो. हिचा लेकीशी कॉल चालू होता. मी आतल्या खोलीत पलंगावर बसून फुंकायला लागलो. सूर फुटला, तर फुटू दिला. बाहेरून आवाज आला, "आई, व्हॉट इज दॅट? कोण वाजवतंय?"

ही उठली. फोन घेऊन दारात येऊन उभी राहिली, पण फोनचा पडदा तिने स्वतःकडेच ठेवला होता. मी हात पुढे केला. फोन घेतला आणि माझ्यासमोर धरला, तोंडासमोर.

"बाबा, यू नेव्हर टोल्ड मी," पोरगी म्हणाली.

"सांगवलं नाही."

"दुखतं?"

"नाही. चहा गळतो फक्त."

"असंच राहणार?"

"बहुतेक असंच."

तिने नाक पुसलं. मला वाटलं, आता ती फोन ठेवेल. मी फोन उशीला टेकवून उभा केला, आणि दुसरं काही सुचेना म्हणून काठी तोंडाला लावली. उजवा हात लांब करून टोक झाकलं, सोडलं, पुन्हा झाकलं. सूर उडी मारून वर गेला, मध्यमावर अडला, खाली आला.

"वेट. थांब, थांब." ती पडद्याजवळ आली. "तू टोकाला बोट लावतोयस?"

"हे असंच वाजवतात. याला दुसरी भोकंच नाहीत."

"बाबा! दॅट वॉज माय जॉब!"

डोळे भरलेले आणि आवाज भांडणाचा. तिच्या लहानपणी मी तिचा हात झटकल्यावर निघायचा तोच. दारात ही पदराने तोंड दाबून हसत होती की रडत होती, मला दिसलं नाही, कारण माझेच डोळे धड नव्हते.

"मग डिसेंबरात ये आणि लाव," मी म्हणालो. "माझा हात तिथवर फार वेळ पुरत नाही."